शहाण्णव टक्के ठसा

मुद्देमाल खोलीच्या दाराला खुर्ची लावून हवालदार इंदुमती गवारे बसल्या होत्या आणि कुणालाही आत सोडत नव्हत्या. आत जप्त केलेल्या अकरा सायकली, हातभट्टीचे कॅन, कुणाचं तरी शिलाई मशीन, आणि या सगळ्याच्या मधोमध प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून नवी शिपाई काजल भिसे लेकीसाठी दूध काढत होती. लेक दहा महिन्यांची, दिवसभर आजीकडे.

"ताई, सायकलीचा मालक आलाय," शिपाई पाचपुते तिसऱ्यांदा सांगायला आला.

"बसव त्याला. चहा पाज."

"पाजला की."

"मग आणखी एक पाज. दीड वर्ष सायकल आपल्याकडे पडलीय, वीस मिनिटांत काय गंजून जाणार आहे?"

आतून काजलचं हसणं ऐकू आलं. इंदूताईही हसल्या. त्यांच्या पिशवीत हळिवाच्या लाडवांचा डबा होता. पोरगी दुपारी ठाण्यातला वडापाव खाते आणि मग दूध कुठून येणार, म्हणून तो रोज घरून येई. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक्केचाळीस पोरंपोरी शिकवल्या होत्या, पण डबा फक्त हिच्यासाठी आला होता.

मोहरेगावच्या या ठाण्यात काजल उमेदवारीला होती. ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक शिपायाला सहा महिने एका मुरलेल्या हवालदाराच्या हाताखाली काढावे लागत. ही उमेदवारी चांगली झाली की वाईट, हे तपासायला पूर्वी एक फॉर्म असे. उमेदवार महिनाअखेरीला हवालदाराच्या समोर बसून तो भरी, सगळ्या रकान्यांत 'उत्तम' लिही आणि हवालदार खाली सही ठोकी. फॉर्मांवर विश्वास ठेवायचा, तर संबंध राज्यात वाईट शिकवलेला पोलीस एकही नव्हता.

मग ठसायंत्र आलं.

त्यामागचं शास्त्र साधं होतं. मुरलेल्या माणसाचं शरीर मनाच्या आधी ठरवतं. कमरेला चाकू लावलेला इसम दारातून आत येतो तेव्हा जुन्या हवालदाराच्या तळहाताला घाम सुटतो, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी उसळी घेते. 'याच्याकडे काहीतरी आहे' हा विचार त्यानंतर पाऊण सेकंदाने येतो. अनुभव म्हणतात तो या पाऊण सेकंदात असतो आणि तो शब्दांत सांगता येत नाही. यंत्र तो मोजत असे. मनगटावरचा पट्टा नाडी आणि घाम पकडी, कानामागची चकती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपी, कॉलरच्या बटणातला कॅमेरा समोर काय चाललंय ते बघे. एकाच प्रसंगात हवालदाराची रेघ कशी चढली आणि उमेदवाराची कशी, हे यंत्र एकीवर एक ठेवून बघत असे. जितक्या रेघा जुळतील तितका ठसा पक्का, आणि जितका ठसा पक्का तितकं प्रशिक्षण उत्तम. यात सही ठोकून काही भागण्यासारखं नव्हतं.

शिवाय यंत्र नुसतं मोजून थांबत नसे. उमेदवाराची रेघ जुळली की तिच्या पट्ट्याला मंद ऊब येई. रेघ सुटली की पट्टा गार पडे. चालायला शिकणारं मूल पडलं की आधी आईच्या तोंडाकडे बघतं. ती दचकली तर रडतं, ती हसली तर उठून चालायला लागतं. कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे आपण सगळे असंच कुणाच्या तरी तोंडाकडे बघून शिकलोय. पट्ट्याने तेच काम मनगटावर आणलं होतं.

---

काजलचा पहिला आठवडा एप्रिलमधला. भर दुपारी एक बाई आली. अंगाची लाही होत असताना तिने पदर गळ्याभोवती गच्च गुंडाळला होता. नवरा मारतो म्हणाली, पण म्हणाली ते घोगऱ्या, फाटक्या आवाजात.

तक्रार बोलली की टेबलावरचं यंत्र ती टाइप करून घेई. एवढंच की शेवटचं बटण माणसाने दाबायचं. लाल बटण म्हणजे गुन्हा दाखल, तपास सुरू. पिवळं म्हणजे एन.सी., नुसती नोंद, पुढे काही नाही.

काजल उभी राहिली होती. "ताई, हिचा आवाज..."

"रडून बसलाय."

"नाही ताई. सेंटरला शिकवलं होतं, गळा दाबला की वर खूण दिसेलच असं नाही, पण आवाज बसतो. आणि एकदा ज्याने गळा धरला तो पुढे—"

"सेंटरला पुष्कळ शिकवतात. तिथे फळ्यावर चित्रं असतात, बाया नसतात."

मग इंदूताईंनी आपलं काम केलं, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. बाईच्या शेजारी जाऊन बसल्या. पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. नवऱ्याला फोन लावून असा झापला की पाचपुते बाहेर उभा राहून ऐकत होता. अर्ध्या तासात नवरा हजर, मान खाली. दोघांना एका बाकावर बसवून चहा पाजला. "लेकरांकडे बघा रे," म्हणाल्या. पिवळं बटण दाबलं. दोघं एकाच गाडीवरून गेली.

काजलने मनगट चोळलं. पट्टा बर्फासारखा गार पडला होता.

"शिकशील," इंदूताई प्रेमाने म्हणाल्या. "लाल बटण दाबायला अक्कल लागत नाही. घर जोडायला लागते."

ती बाई पुन्हा आली नाही. इंदूताईंच्या हिशेबी याचा अर्थ घर जुळलं असा होता. जी परत येत नाही तिचं नीट चाललंय, असं त्या सत्तावीस वर्षं धरून चालल्या होत्या. अशी तीनशेच्या वर घरं त्यांनी जोडली होती. त्यांच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नव्हती.

पाचव्या महिन्यात निरीक्षक हुलावळे साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः मुद्देमाल खोलीपर्यंत आले.

"गवारेताई, शहाण्णव टक्के! राज्यात पहिला ठसा. एवढा कुणाचाच नाही."

"माझा कसला साहेब, पोरगी हुशार आहे."

"दोघींचा. आणि ऐका, संचालनालयाने तुमचा नमुना उचललाय. पुढच्या तुकडीपासून दहाही सेंटरला तुमच्याच रेघेवर पोरं तयार होणार. हवालदार जवळ नसला तरी पट्टा शिकवणार. बारा हजार इंदूताई!"

"बाप रे," पाचपुते म्हणाला. "साहेब, मी बदली मागू का?"

सगळे हसले. काजलने पेढा तोडून पहिला तुकडा इंदूताईंच्या तोंडात घातला.

---

सहाव्या महिन्यात, मंगळवारी, इंदूताई एका जुन्या केसमध्ये साक्ष द्यायला कोर्टात गेल्या होत्या. मीना धोत्रे नावाची बाई ठाण्यात आली ती तेव्हा. काजलने तिला शेजारी बसवलं. पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. नवऱ्याला बोलावून झापलं, दोघांना चहा पाजला आणि पिवळं बटण दाबलं. दुपारी इंदूताई परतल्या तेव्हा ती उत्साहाने सांगत होती, "ताई, आज एकटीने केलं. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, सारखं तेच डोक्यात."

"शाब्बास," इंदूताई म्हणाल्या.

शुक्रवारी मीना धोत्रेला नवऱ्याने गळा दाबून मारलं.

---

मूल्यमापन कक्षाची अधिकारी ऋजुता पाटणकर शनिवारी जिल्ह्याहून आली. तिशीची, मवाळ, प्रत्येक वाक्याआधी थोडी थांबणारी. तिने इंदूताईंना पडद्यासमोर बसवलं आणि मंगळवारचं चित्रण लावलं. काजलच्या कॉलरमधून दिसणारी मीना धोत्रे. ओढणी गळ्याभोवती. आवाज घोगरा.

इंदूताईंनी डोळे मिटले. मग उघडले.

"ही खालची निळी रेघ काजलची," ऋजुता म्हणाली. "बाई 'मारतो' म्हणते ना, इथे बघा. रेघ खाली येते. नाडी मिनिटाला आठ ठोक्यांनी उतरते. ती शांत होते, ताई."

"घाबरली नाही?"

"नाही. कारण तुम्ही घाबरत नाही. ही लाल रेघ तुमची, अशाच एकवीस प्रसंगांची सरासरी. तुमची पण खाली येते. तंतोतंत इथेच."

इंदूताई रेघेकडे बघत राहिल्या. आपण अशा वेळी शांत असतो हे त्यांना ठाऊक होतं. तो आपला अनुभव आहे असंच त्या समजत आल्या होत्या. पण तो उतार त्यांना कुठून तरी ओळखीचा वाटला. जेवणाची ताटं मांडलेली, बाप आईच्या अंगावर धावलेला, आणि आपण सात वर्षांच्या, भाताचे घास मोजत, अगदी गप्प. ओरडलं की जास्त होतं, गप्प बसलं की संपतं. शरीराने तेव्हाच शिकून घेतलं होतं. त्यावर पुढे नोकरीची सत्तावीस वर्षं चढली आणि त्याला लोक कौशल्य म्हणू लागले.

"मॅडम, तिचा पहिल्या आठवड्यातला प्रसंग आहे का? एप्रिलमधला. पदरवाली बाई."

ऋजुताने शोधला. पडद्यावर काजलची निळी रेघ कड्यासारखी सरळ वर चढली होती. आवाज ऐकल्यानंतर पाऊण सेकंदाच्याही आत. खाली यंत्राने लिहिलं होतं: विचलन. सुधारणा आवश्यक.

"हिला कळलं होतं," इंदूताई म्हणाल्या.

"हो."

"पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आणि मग?"

ऋजुताने पुढचे प्रसंग एकाखाली एक लावले. दुसरा महिना, कडा थोडा बुटका. तिसरा महिना, टेकडी. चौथ्यात सपाट. पाचव्यात उतार. जसजशी रेघ खाली येत होती तसतसे गुण वर जात होते. बासष्ट, एक्क्याऐंशी, नव्वद, शहाण्णव.

"मॅडम, तुमचं यंत्र मोजतं तरी काय?"

"किती उतरलं ते मोजतं, ताई. काय उतरलं, ते विचारायचं कुणी ठरवलंच नाही."

---

चौकशी सोमवारी झाली. उपअधीक्षक साळगावकरांच्या टेबलावर पाणी, बिस्किटं आणि तीन पानांचा अहवाल होता. काजल उभी होती. पाचपुतेने तिला सकाळी बाजूला घेऊन शिकवलं होतं, की चूक कबूल कर, माफी माग, ते परिविक्षा, म्हणजे उमेदवारीचा काळ, वाढवतील, नोकरी राहील. घरी लेक, सासू, रिक्षा चालवणारा नवरा. नोकरी राहणं एवढीच गोष्ट त्या खोलीत तिच्यासाठी होती.

"माझी चूक झाली साहेब," ती म्हणाली.

"तिची नाही साहेब," इंदूताई उठून म्हणाल्या. "मी असते तर मीही हेच केलं असतं. मी हेच शिकवलंय. तिला पहिल्या आठवड्यात बरोबर कळत होतं, ते मी सहा महिने बसून घालवलं. शिक्षा द्यायची तर मला द्या."

साळगावकरांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. "गवारेताई, मन मोठं आहे तुमचं. उमेदवारावर इतका जीव लावणारे हवालदार राहिलेत कुठे? पण मला कागदावर जावं लागतं. नियम असा आहे की ठसा ऐंशीच्या खाली असला तर प्रशिक्षणात दोष, जबाबदारी हवालदाराची. ऐंशीच्या वर असला तर प्रशिक्षण निर्दोष, चूक वैयक्तिक. तुमचा आहे शहाण्णव."

"म्हणूनच तर सांगतेय! शहाण्णव आहे म्हणजे तिने केलं ते माझंच आहे. ती चुकली असती तर गुण कमी पडले असते ना?"

हुलावळे साहेब बिस्किटाकडे बघत होते.

"मॅडम," इंदूताई ऋजुताकडे वळल्या, "सांगा ना यांना. रेघा दाखवा."

"मी अहवालात लिहिलंय," ऋजुता हळू म्हणाली. "पुरवणी म्हणून."

"पुरवणी वाचली मी," साळगावकर म्हणाले. "पण विचार करा ताई. तुमचं प्रशिक्षण सदोष ठरवलं, तर तुमचे एक्केचाळीस उमेदवार आज नऊ ठाण्यांत बसलेत, त्यांच्या सगळ्या एन.सी. उघडाव्या लागतील. सेंटरला गेलेला नमुना मागे घ्यावा लागेल. बारा हजार पट्टे. हे माझ्या हातात नाही आणि माझ्यावरच्यांच्या पण नाही. परिविक्षेतल्या शिपायाला सेवामुक्त करणं, हे आहे हातात."

"आणि माझं काय?"

"तुमचं काय? तुमच्याविरुद्ध तक्रार कुठे आहे?"

काजलने तेवढ्यात पहिल्यांदा मान वर केली आणि इंदूताईंकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, रडूही नव्हतं. ती अगदी शांत होती. इंदूताईंना तीच शांतता सगळ्यात जास्त लागली.

बाहेर आल्यावर त्यांनी व्हरांड्यात ऋजुताला गाठलं. "माझे गुण कमी करा. पन्नास करा, चाळीस करा. मी सही देते."

"मी गुण देत नाही ताई. यंत्र देतं."

"मग मला परत बसवा. नवी पोरगी द्या, मी वेगळं शिकवते. बाई आली की आधी गळा बघ म्हणून सांगते."

"तुम्ही तोंडाने सांगाल," ऋजुता म्हणाली. "पण तुमची नाडी खालीच येईल. आणि पोरगी नाडीकडून शिकेल."

---

पंधरा दिवसांनी इंदूताई काजलच्या घरी गेल्या. जिन्यावर चपला काढताना आतून लेकीला गोष्ट सांगत भरवण्याचा आवाज येत होता. एक घास चिऊचा, एक काऊचा. त्यांना पाहिल्यावर आवाज थांबला.

"या ताई." काजलने खुर्ची पुढे केली. सुरक्षारक्षकाचा करडा गणवेश दोरीवर वाळत होता. "मॉलमध्ये लागले. बायकांच्या पर्सा तपासायच्या. विभागाने अनुभवाचा दाखला दिला ना, त्यावर लगेच घेतलं. 'प्रशिक्षणाचा दर्जा: सर्वोत्कृष्ट' लिहिलंय त्यात. मॅनेजर म्हणाला, एवढं चांगलं ट्रेनिंग झालेलं कुणी आमच्याकडे येतच नाही."

ती हसली. इंदूताईंना हसता आलं नाही.

"काजल, मी वकिलाला भेटलेय. तुझी केस आपण लढू. मी साक्ष देईन. त्या एप्रिलच्या बाईचं सगळं सांगेन. तुला तेव्हा बरोबर वाटलं होतं, ते यंत्रात आहे."

काजलने लेकीचं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"काय वाटलं होतं ताई?"

"म्हणजे?"

"मला आठवतं की मी उभी राहिले. तुम्हाला काहीतरी म्हणाले. पण पोटात काय झालं होतं, ते आठवत नाही. मीना धोत्रे गेली ना, त्यानंतर मी चार-चारदा आठवून बघितलं. तिचा आवाज कानात आणते, ओढणी डोळ्यांपुढे आणते. मग मला काय वाटतं सांगू? बरं वाटतं. ऊब आल्यासारखं वाटतं." तिने रिकामं मनगट धरलं. "पट्टा काढून घेतलाय त्यांनी. तरी."

इंदूताईंनी तिच्या खांद्याला हात लावायला पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पाठीवरून हात फिरवून किती बायांना त्यांनी घरी पाठवलं होतं. तो हात आता इथे कसा ठेवायचा?

"माझ्यासाठी काही करू नका," काजल म्हणाली. "नोकरी परत मिळाली तर मी पुन्हा पिवळंच बटण दाबेन. त्यापेक्षा पर्सा बऱ्या. तुम्हाला कुणाकडे जायचंच असेल तर तिच्या आईकडे जा. मीनाच्या."

"जाऊन काय सांगू?"

"ते मला काय विचारता ताई. शिकवायचं काम तुमचं."

लेक रडायला लागली. काजलने तिला उचललं, आणि दाराशी येऊन इंदूताईंना वाट करून दिली. "पत्ता नाहीये माझ्याकडे. एन.सी.च्या चौकटीत सासरचाच पत्ता मागतात. माहेरचा रकानाच नाही."

इंदूताई जिना उतरल्या. सत्तावीस वर्षं ती चौकट त्यांनी भरली होती आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

धोत्र्यांच्या घराला कुलूप होतं, वर पोलिसांचं लाखेचं सील. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी मेथी निवडत बसली होती. इंदूताई साध्या साडीत होत्या.

"मावशी, मीनाचं माहेर कुठलं?"

"कशाला पाहिजे?"

"आईला भेटायचंय."

म्हातारीने त्यांना खालून वर न्याहाळलं. "तुम्ही कोण तिच्या?"

साहेबांनी कबुली घेतली नव्हती. कागदाने घेतली नव्हती. यंत्रात तर तिला जागाच नव्हती.

"तिला घरी पाठवलं ना," इंदूताई म्हणाल्या, "ती मी."

म्हातारीचा हात जुडीवर थांबला. तिने शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही. इंदूताई वाट बघत राहिल्या. शिवी आली असती तर बरं झालं असतं. मग म्हातारीने काड्या पदरातून झटकल्या, निवडलेली भाजी परातीत गोळा केली, उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

इंदूताई पुढच्या घराकडे वळल्या. तिथेही तेच विचारायचं होतं, आणि तेच सांगायचं होतं.